संशोधन पोचवण्याचे कौशल्य : बीड जिल्ह्याच्या निमित्ताने

विद्यापीठीय संशोधन नेमके केव्हा पूर्ण होते, या प्रश्नाचे रूढ उत्तर असे आहे की प्रबंध सादर झाला, मौखिक परीक्षा पार पडली आणि पदवीची अधिसूचना निघाली की ते पूर्ण होते. नियमांच्या दृष्टीने हे उत्तर बरोबर असले तरी ज्ञानाच्या दृष्टीने ते अपुरे आहे. कारण ज्या निष्कर्षांना तपासणारा, वापरणारा किंवा खोडून काढणारा दुसरा कोणी भेटतच नाही, ते निष्कर्ष खरे असोत वा खोटे, ज्ञानव्यवहारात दाखल होत नाहीत आणि ग्रंथालयाच्या कपाटात बांधीव खंडांच्या रूपाने पडून राहतात. संशोधनाचा प्रसार म्हणजे संशोधकाची किंवा त्याच्या महाविद्यालयाची जाहिरात, असा समज मराठी अभ्यासकांच्या मनात बराच रुजलेला असून, त्यामुळे गंभीर वृत्तीचे अभ्यासक या कामापासून दूर राहतात आणि ते काम नेमके ज्यांनी करू नये त्यांच्या हाती जाते. प्रस्तुत विवेचनात प्रसार हा शब्द वेगळ्या अर्थाने वापरला आहे. हाती आलेले निष्कर्ष, ते ज्या पद्धतीने मिळाले ती पद्धत आणि त्यांच्या मर्यादा या तिन्ही गोष्टी, त्यांच्याशी ज्यांचा संबंध आहे अशा लोकांपर्यंत, त्यांना समजतील आणि तपासता येतील अशा रूपात नेणे, असा तो अर्थ आहे. हे काम उपजत प्रतिभेचे नसून शिकता येण्याजोग्या कौशल्याचे आहे, ते संशोधन आटोपल्यावर सवडीने करण्याचे नसून संशोधनाच्या आखणीतच धरायचे आहे, आणि ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांच्यापर्यंत ते पोचले नाही तर बाकीचा सारा प्रसार अर्धवट ठरतो, हे या विवेचनाचे मुख्य प्रतिपादन आहे.

या प्रतिपादनासाठी बीड जिल्हा निवडण्याला कारण आहे. उत्तरेला गोदावरी, मधून गेलेली बालाघाटाची रांग, अकरा तालुके आणि त्यांतील पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी यांसारख्या भागांतून दरवर्षी पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर, यांमुळे हा जिल्हा अर्थशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल, सार्वजनिक आरोग्य आणि शेतीशास्त्र या सर्वांच्या अभ्यासाचा विषय राहिला आहे. १९७२चा दुष्काळ, २०१२-१३ आणि २०१५-१६ या वर्षांची टंचाई, कापसावरील गुलाबी बोंडअळी, मुलींचे घटलेले प्रमाण, ऊसतोड महिलांचे आरोग्य अशा प्रत्येक प्रश्नावर बाहेरचे अभ्यासक येथे आले, आणि जिल्ह्यातील महाविद्यालयांतून छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे नोंदणी केलेल्या स्थानिक अभ्यासकांनीही प्रबंध लिहिले. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, १९८२ पासून काम करणारी मानवलोक ही संस्था आहे, आणि समाजकार्याचे शिक्षणही तेथे मिळते. म्हणजे अभ्यासाची उणीव नाही. उणीव आहे ती या अभ्यासाच्या परतीच्या वाटेची. एखाद्या गावात पाच वर्षांत तीन वेगवेगळ्या प्रश्नावल्या भरून नेल्या जातात आणि त्यांतून काय निघाले हे गावाला, ग्रामसेवकाला, आशा कार्यकर्तीला, इतकेच नव्हे तर शेजारच्या महाविद्यालयातील त्याच विषयाच्या प्राध्यापकालाही कळत नाही, ही स्थिती जिल्ह्यात अपवादात्मक नाही.

वास्तविक अवघड विचार लोकांपुढे मांडण्याची परंपरा या भूमीला नवी नाही. अंबाजोगाईचे दासोपंत (१५५१–१६१५) यांनी पंचीकरण, म्हणजे पाच महाभूतांच्या मिश्रणातून सृष्टी कशी घडते हा वेदान्तातील गुंतागुंतीचा विषय, सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा कापडावर ओव्या व आकृत्यांच्या साह्याने मांडला, आणि ‘पासोडी’ या नावाने ती कृती मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ओळखली जाते. पोथी एका वेळी एकानेच वाचावी लागते, पसरलेल्या कापडाभोवती मात्र अनेकजण बसू शकतात; आशयाप्रमाणे आणि वाचकाप्रमाणे माध्यम निवडण्याची ही जाण आजच्या भित्तिपत्रक-सादरीकरणात क्वचितच दिसते. खानदेशातील चाळीसगावजवळच्या पाटण येथील शके ११२८च्या सुमाराचा शिलालेख याहून वेगळी गोष्ट सांगतो. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचा ‘सिद्धान्तशिरोमणी’ आणि इतर ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केला आणि त्याच्या निर्वाहासाठी दाने मिळाली, अशी त्यात नोंद आहे. ग्रंथ लिहून झाल्यावर तो शिकवणारी व्यवस्था उभी करावी लागते, तिला पैसा लागतो, आणि ते काम ग्रंथकाराच्या नंतरच्या पिढीलाही करावे लागते, हे त्या लेखावरून दिसते.

कौशल्य म्हणजे नेमके काय, हे सर्वांत स्पष्टपणे दिसते ते आकड्यांच्या मांडणीत, आणि त्यासाठी बीडइतके बोलके उदाहरण दुसरीकडे शोधावे लागत नाही. २०१९ साली ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न देशभर गाजला. त्या वर्षीच्या जून महिन्यात आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितले की तीन वर्षांत बीड जिल्ह्यात गर्भाशय काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. पुढे डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या निमित्ताने जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांचे सर्वेक्षण झाले आणि त्यांपैकी १३,८६१ महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले. वृत्तपत्राच्या वाचकाला हे दोन आकडे परस्परविरोधी वाटले तर त्याचा दोष नाही. पण ते परस्परविरोधी नाहीत. पहिला आकडा रुग्णालयांच्या नोंदींतून आलेला, ठरावीक तीन वर्षांत घडलेल्या घटनांचा आणि सर्व महिलांचा आहे. दुसरा घरोघरच्या विचारणेतून आलेला, आयुष्यात केव्हाही झालेल्या शस्त्रक्रियेचा आणि फक्त ऊसतोड करणाऱ्या महिलांचा आहे. एकाची मोजणी काळाच्या चौकटीत आहे, दुसऱ्याची लोकसमूहाच्या. हा फरक दोन साध्या वाक्यांत सांगता येतो, परंतु तो सांगितला गेला नाही की एका बाजूला आकडा फुगवल्याचा आरोप होतो, दुसऱ्या बाजूला दडवल्याचा, आणि ज्या स्त्रियांविषयी सारी चर्चा चालली आहे त्यांचा प्रश्न त्या वादात मागे पडतो.

याच आकड्याची पुढची पायरी अधिक कठीण आहे. १३,८६१ ही संख्या एकटी उभी केली तर ती धक्का देते, पण काही शिकवत नाही. ८२,३०९ हा छेद तिच्याखाली ठेवला की प्रमाण सुमारे १७ टक्के निघते, म्हणजे दर सहा महिलांमागे एक. त्याच्या शेजारी २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातील सुमारे ३ टक्के हे देशाचे प्रमाण ठेवले की तुलना तयार होते आणि बातमीचा मथळाही तयार होतो. परंतु त्या राष्ट्रीय सर्वेक्षणातील प्रमाण १५ ते ४९ या वयोगटाचे आहे, त्यात अविवाहित मुलींपासून सर्व स्त्रिया येतात, आणि गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया वयाबरोबर वाढत जाते. ऊसतोडीला जाणाऱ्या महिलांच्या वयाची घडण तशीच असेल असे गृहीत धरता येत नाही. म्हणून ‘पाचपट’ हा शब्द वापरण्यापूर्वी वयोगट जुळवून पाहिले पाहिजेत, आणि ते जुळवता येत नसतील तर तसे स्पष्ट लिहिले पाहिजे. असे लिहिल्याने प्रश्नाचे गांभीर्य उणावते, ही भीती निराधार आहे. उलट मर्यादा आधीच सांगून ठेवलेला आकडा विधिमंडळात, न्यायालयात आणि वैद्यकीय संघटनांच्या बैठकीत टिकतो. न सांगितलेला आकडा पहिल्याच प्रश्नाला कोसळतो आणि आपल्याबरोबर खऱ्या तक्रारीलाही खाली ओढतो. बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन आले ते या प्रश्नाला वाचा फुटल्यामुळेच, हे लक्षात घेतले म्हणजे निष्कर्षांच्या नीट मांडणीला काय मोल असते हे कळते.

मुलींच्या प्रमाणाबाबत असाच एक धडा जिल्ह्याजवळ आहे. दर हजार मुलग्यांमागे सहा वर्षांपर्यंतच्या मुलींची संख्या, ज्याला बाल लिंग गुणोत्तर म्हणतात, ती बीडमध्ये २००१च्या जनगणनेत ८९४ होती. २०११च्या जनगणनेचे तात्पुरते आकडे प्रथम आले तेव्हा ती ८०१ असल्याचे जाहीर झाले, आणि अंतिम आकडे आले तेव्हा ती ८०७ ठरली. फरक सहाचाच, आणि घसरण दोन्ही आकड्यांत सारखीच भयावह. तरीही ८०१ हा आकडा पहिला पोचल्यामुळे लेखांत आणि भाषणांत तोच उतरत राहिला. शास्त्रीय लेखनात आकड्याबरोबर त्याची आवृत्ती सांगण्याचा जो आग्रह असतो तो याचसाठी असतो, आणि प्रसार करणाऱ्या अभ्यासकाने पहिल्या बातमीइतक्याच जोराने दुरुस्तीही पोचवली पाहिजे, ही त्याची पुढची पायरी आहे.

मोजणीचे एकक हा याहून सूक्ष्म विषय आहे. ऊसतोडीत उचल, म्हणजे हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, ‘कोयत्या’मागे ठरते, आणि एक कोयता म्हणजे बहुधा नवरा-बायकोची जोडी. टोळीत किती कोयते आहेत हे मुकादमाला, कारखान्याला आणि गावाला ठाऊक असते. त्यांत किती स्त्रिया आहेत आणि त्यांच्या वाट्याला स्वतंत्रपणे किती मजुरी येते, हे त्या हिशेबात दिसत नाही, कारण व्यवहार पुरुषाच्या नावे होतो. जो अभ्यासक आपल्या तक्त्यात कोयत्याच्या जागी ‘कामगार’ असे एकक घालतो आणि पुढे खुलासा करीत नाही, त्याच्या तक्त्यात कामगारांची संख्या निम्मी आणि दरडोई मजुरी दुप्पट दिसण्याचा धोका आहे. पुण्यातील वा दिल्लीतील वाचकाला ही चूक कळण्याचा मार्गच नसतो. उलट पाटोद्याच्या बाजारात तो तक्ता दाखवला तर कोणीही ऊसतोड कामगार ती क्षणात दाखवून देईल. संशोधन परत गावात नेण्याचा फायदा केवळ गावाला होतो असे मानणाऱ्यांनी या गोष्टीचा विचार करावा. गाव हा संशोधनाचा सर्वांत कडक परीक्षकही असतो. प्रश्नावलीतसुद्धा हेच घडते: ‘आपली हिस्टरेक्टॉमी झाली आहे काय’ या प्रश्नाला जी स्त्री नाही म्हणेल, तीच ‘पिशवी काढली का’ असे विचारल्यावर साल आणि दवाखाना दोन्ही सांगेल, आणि जे शब्द माहिती घेताना वापरावे लागले तेच शब्द ती माहिती परत सांगतानाही उपयोगी पडतात.

लेखन चांगले झाले तरी ते सापडले पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमांनंतर प्रबंधांच्या संगणकीय प्रती जमा करणे सुरू झाले आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राने उभारलेल्या ‘शोधगंगा’ या भांडारात आज देशभरातील लाखो प्रबंध कोणालाही विनामूल्य वाचता येतात. ही फार मोठी सोय आहे. पण मराठी प्रबंधांच्या वाट्याला तिचा पूर्ण लाभ येत नाही, आणि त्याची कारणे अगदी साधी आहेत. बरेच मराठी प्रबंध श्रीलिपीसारख्या जुन्या संगणकीय टंकांत बसवलेले असतात. छापल्यावर ते सुबक दिसतात, परंतु संगणकाच्या लेखी तो मजकूर निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग असतो, त्यामुळे त्यातील एकही शब्द शोधून सापडत नाही. युनिकोड या सर्वमान्य संकेतप्रणालीत टंकन केले की ही अडचण मुळातच राहत नाही, आणि तरीही ‘युनिकोडमध्ये अक्षर चांगले उठत नाही’ या सबबीवर जुना टंक चालू ठेवला जातो. दुसरे कारण नावांचे आहे. बीड हे नाव रोमन लिपीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिले जाते. १९६९ साली प्रसिद्ध झालेले जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटियर ‘भीर’ या नावाचे आहे. निजामकाळातील कागदपत्रांत अंबाजोगाई शोधायची तर ‘मोमिनाबाद’ हे नाव ठाऊक असावे लागते. बीजशब्द, म्हणजे लेखाच्या आरंभी दिलेले शोधाला उपयोगी पडणारे चार-सहा शब्द, निवडताना ही सारी रूपे दिली तर पन्नास वर्षांपूर्वीचा आणि आजचा अभ्यास एकमेकांना भेटतो. शीर्षकाबाबतही थोडी काटकसर हवी. ‘मराठवाड्यातील ग्रामीण जीवनाच्या विविध पैलूंचा चिकित्सक अभ्यास : एक दृष्टिक्षेप’ या धाटणीच्या शीर्षकावरून ना गाव कळते, ना काळ, ना प्रश्न, त्याऐवजी तालुका, वर्षे आणि तपासलेली गोष्ट शीर्षकात आली की अर्धे काम तेथेच होते.

प्रकाशनाच्या बाबतीत मराठवाड्यातील तरुण अभ्यासकांची जी ओढाताण झाली, तिच्याकडे सहानुभूतीने पाहिले पाहिजे. नेमणूक, बढती आणि पदवी या तिन्हींसाठी छापील लेखांची संख्या मोजली जाऊ लागल्यावर, पैसे घेऊन कोणतीही तपासणी न करता आठवड्याभरात लेख छापून देणारी नियतकालिके सर्वत्र उगवली. अशा नियतकालिकांना लुटारू नियतकालिके म्हणतात, कारण ती अभ्यासकाचे पैसे आणि त्याच्या लेखाची पत दोन्ही घेऊन जातात. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील अभ्यासकांनी २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात विद्यापीठांनी शिफारस केलेली १,००९ नियतकालिके तपासली, तेव्हा त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक निकषांत बसली नाहीत, आणि त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली. पुढे मान्य नियतकालिकांची ‘केअर’ ही नवी यादी आली आणि २०२५ साली तीही बंद करण्यात आली, तर आयोगाच्या २०२२च्या नियमांनी पीएच.डी.च्या प्रबंधापूर्वी लेख छापण्याची सक्ती काढून टाकली. याद्या येतात आणि जातात. नियतकालिक पारखण्याची नजर मात्र अभ्यासकाला स्वतःच कमवावी लागते. संपादक मंडळातील व्यक्ती खरोखर त्या विषयातील आहेत काय, मागील अंकांतील लेख वाचण्याजोगे आहेत काय, लेख परत करून दुरुस्त्या सुचवण्याची पद्धत तेथे आहे काय, एवढे तपासायला एक दुपार पुरते. आणि येथे मराठीतील जुन्या, प्रामाणिक नियतकालिकांचा उल्लेख आवर्जून करायला हवा: वाईचे ‘नवभारत’, ‘समाज प्रबोधन पत्रिका’, मराठवाडा साहित्य परिषदेचे ‘प्रतिष्ठान’ यांच्या पानांवर मराठीतील गंभीर चर्चा वर्षानुवर्षे चालत आली आहे, आणि अनोळखी इंग्रजी नियतकालिकात पैसे भरून छापलेल्या लेखापेक्षा यांपैकी एकात आलेला लेख त्या विषयाच्या जाणकारांपर्यंत अधिक खात्रीने पोचतो.

ऑर्किड, म्हणजे समान नावाच्या अभ्यासकांत घोळ होऊ नये म्हणून प्रत्येकाला मिळणारा सोळा अंकी कायम क्रमांक, आणि डीओआय, म्हणजे लेखाचा पत्ता बदलला तरी न बदलणारी त्याची संगणकीय ओळख, ही दोन साधने प्रत्येक अभ्यासकाने पहिल्याच वर्षी समजून घ्यावीत; ती शिकायला वेळ लागत नाही आणि त्यांविषयी येथे अधिक लिहिण्याचे कारण नाही.

अधिक विस्ताराने बोलायला हवे ते परतीच्या वाटेविषयी. महाराष्ट्रात या बाबतीत आदर्श म्हणून गडचिरोलीच्या ‘सर्च’ या संस्थेकडे पाहावे लागते. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीवर आधारलेला, त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक आजार असल्याचे दाखवणारा लेख १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. १९९९ साली त्याच नियतकालिकात घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याच्या पद्धतीने ३९ गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे मांडले. आणि २००१ साली बालमृत्यूंवरचा ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल मराठी नावाने सरकारपुढे व जनतेपुढे ठेवला. जागतिक पातळीवरील तपासणीला उतरलेला लेख आणि मराठी वाचकाला हलवून सोडणारा अहवाल ही दोन्ही कामे एकाच संस्थेने केली, आणि एकामुळे दुसऱ्याची प्रत खालावली नाही. लोकांसाठी लिहिणे म्हणजे विद्वत्ता पातळ करणे, या समजुतीला याहून ठोस उत्तर देता येणार नाही.

बीडमध्ये ही वाट आखताना हंगामाचा विचार आधी करावा लागतो. गावाला सामूहिकपणे काही सांगण्याची सर्वांत योग्य जागा म्हणजे ग्रामसभा, आणि ती महाराष्ट्रात प्रथेप्रमाणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी भरते. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. म्हणजे ऊसतोड कामगारांविषयीचे निष्कर्ष २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मांडले तर ऐकायला म्हातारी माणसे आणि मागे राहिलेली मुले असतील, ज्यांच्याविषयी ते आहेत ती माणसे सांगली-कोल्हापूरच्या फडात असतील. १ मे आणि १५ ऑगस्ट या दोनच तारखा खऱ्या अर्थाने उपयोगी आहेत, आणि त्यांपैकी पहिली अधिक मोलाची, कारण पुढच्या हंगामाची उचल तेव्हा सर्वांच्या हातात पडलेली नसते. ग्रामसभेआधी होणाऱ्या महिला सभेत आरोग्याचे निष्कर्ष सांगितले तर ज्या गोष्टी पुरुषांसमोर उच्चारल्याही जात नाहीत त्या बोलल्या जातात. विद्यापीठाचे वेळापत्रक मात्र परीक्षा आणि सुट्ट्यांभोवती फिरते, मे महिन्यात महाविद्यालय बंद असते, आणि त्यामुळे प्रसाराचा सर्वोत्तम काळ नेमका वाया जातो. प्रकल्पाच्या प्रस्तावातच हा महिना आणि प्रवासखर्च धरून ठेवणे, एवढाच त्यावर उपाय आहे.

सभेत काय न्यावे, हेही ठरवावे लागते. शंभर पानी अहवालाची प्रत सरपंचांच्या हाती देऊन छायाचित्र काढणे म्हणजे निष्कर्ष पोचवणे नव्हे. एका कागदाच्या दोन्ही बाजूंवर मावेल असा मराठी मजकूर, मोठ्या अक्षरांत, त्यात काय विचारले, किती जणांना विचारले, काय आढळले, कशाबद्दल खात्री नाही आणि पुढे कोणत्या कार्यालयात दाद मागता येईल या क्रमाने लिहिलेला, हा सर्वांत उपयोगी ठरणारा प्रकार आहे, आणि तो लिहिणे प्रबंधाचे प्रकरण लिहिण्यापेक्षा कठीण आहे. सरासरीऐवजी ‘दहांपैकी किती’ ही भाषा वापरली, टक्क्यांचे तक्ते टाळले आणि मजकूर छापण्यापूर्वी गावातीलच दोघांना वाचायला देऊन जेथे ते अडखळतात तेथे बदलला, की तो वाचला जातो. मात्र लहान गावात निनावीपणा राखणे हे शहरापेक्षा अवघड असते, याचे भान सुटता कामा नये. ‘वडवणी तालुक्यातील एका वाडीवरील बत्तीस वर्षांची, दोन मुलींची विधवा आई’ एवढ्या वर्णनात नाव नसले तरी वाडीतील प्रत्येकाला ती स्त्री ओळखू येते. उचल घेतलेल्या कामगाराने मुकादमाविषयी सांगितलेली गोष्ट ओळखू येईल अशी छापली गेली तर त्याची किंमत पुढच्या हंगामात त्याला मोजावी लागते. म्हणून माहिती घेतानाच ती कोठे, कोणासमोर आणि कोणत्या रूपात सांगितली जाईल याची स्वतंत्र संमती घ्यावी, आणि गावापुढे मांडताना एका गावाचे नव्हे तर अनेक गावांचे एकत्रित निष्कर्ष मांडावेत.

स्थानिक वृत्तपत्रे आणि आकाशवाणीचे बीड केंद्र ही जिल्ह्याची मोठी ताकद आहे. ‘झुंजार नेता’ आणि ‘चंपावतीपत्र’ यांसारखी दैनिके ज्या घरांत वाचली जातात त्या घरांत कोणतेही शोधनियतकालिक जाणार नाही. वार्ताहराला तीनशे शब्दांचे प्रसिद्धिपत्रक हवे असते, त्याच्या पहिल्या परिच्छेदात निष्कर्ष असावा लागतो, आणि ‘सखोल चिंतन’, ‘मौलिक योगदान’ असल्या शब्दांनी त्याला काहीच सांगितल्यासारखे होत नाही. पाहुण्यांची नावे आणि सत्काराचा वृत्तान्त वगळला की त्याच जागेत आशय मावतो. मथळा वार्ताहराने नव्हे तर उपसंपादकाने दिलेला असतो, हे ठाऊक असलेला अभ्यासक कोणता अर्थ काढू नये हेही पत्रकातच एका वाक्यात लिहून देतो.

शेतीशास्त्राने हे सारे फार पूर्वी ओळखले. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले तेव्हापासून शिक्षण आणि संशोधन यांच्या बरोबरीने विस्तार, म्हणजे संशोधन शेतकऱ्यापर्यंत नेण्याचे शास्त्र, हा त्याच्या कामाचा तिसरा भाग आहे. बीड जिल्ह्यात डिघोळअंबा आणि खामगाव येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत, अंबाजोगाईला सीताफळ संशोधन केंद्र आहे. बालाघाटाच्या मुरमाड उतारांवर आपोआप वाढणाऱ्या सीताफळाला २०१६ साली ‘बीड सीताफळ’ या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे विशिष्ट भूप्रदेशाशी निगडित गुणधर्मांमुळे त्या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले; असे मानांकन माती, हवामान, फळाचे गुण आणि लागवडीचा इतिहास यांचे पुरावे जुळवून मांडल्याशिवाय मिळत नाही, आणि ते पुरावे अभ्यासकांच्या वह्यांतून अर्जाच्या कागदावर यावे लागतात. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास किंवा मराठी या विषयांना अशी विस्ताराची शाखा नाही, प्रात्यक्षिकाचा प्लॉट नाही, शिवारफेरी नाही. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने आपला निष्कर्ष कोणाला सांगायचा, हे ठरवून देणारी कोणतीही व्यवस्था नसल्यामुळे तो सांगणे हे त्याच्या वैयक्तिक उत्साहावर सोडलेले आहे, आणि व्यवस्थेची जागा उत्साह फार काळ भरून काढू शकत नाही.

या व्यवस्थेची सुरुवात करायला सध्याचा काळ अनुकूल आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९च्या अखेरीस पीएच.डी.च्या अभ्यासक्रमात ‘संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्ता’ हा दोन श्रेयांकांचा, तीस तासांचा विषय सक्तीचा केला. त्यात वाङ्मयचौर्य, मुक्त प्रवेश, लुटारू नियतकालिके आणि संदर्भमापन शिकवले जाते, परंतु माहिती देणाऱ्याला निष्कर्ष परत कसे सांगावेत याला त्यात स्वतंत्र जागा नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या वर्गांनाही क्षेत्र प्रकल्प आणि समुदाय सहभाग यांचे श्रेयांक आले असून, त्यामुळे बीड, गेवराई, माजलगाव, केज, परळी येथील महाविद्यालयांतील मुले-मुली आपापल्या गावांत पाणी, पीकविमा, स्थलांतर, शाळागळती यांची छोटी सर्वेक्षणे करू लागली आहेत. त्यांपैकी कित्येकांचे आईवडील स्वतः कोयता घेऊन जाणारे आहेत. प्रश्नावली भरून घेणारी आणि प्रश्नाचे उत्तर देणारी व्यक्ती एकाच घरातली असण्याचा असा योग विद्यापीठाच्या इतिहासात फारसा आलेला नाही. या वह्या गुणदान होताच गठ्ठ्यांत बांधून ठेवण्याऐवजी प्रत्येक प्रकल्पासोबत युनिकोडमधील एक पानी मराठी टिपण मागावे, त्यावर गाव, महिना, विचारलेल्यांची संख्या आणि मर्यादा नोंदवण्याची सक्ती करावी, महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने ती टिपणे तालुकावार लावून सर्वांना खुली ठेवावीत, आणि एकूण गुणांपैकी काही गुण ते टिपण गावात वाचून दाखवल्यानंतर आलेल्या प्रश्नांच्या नोंदीला द्यावेत. यासाठी नवी इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही. अभ्यास मंडळाचा एक ठराव आणि १ मेच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर सरपंचांनी दिलेली दहा मिनिटे लागतात.